गाडी सगळ्यांची, आरसी एकाची

पाथरी तालुक्यात दारात उभी असलेली चारचाकी कुणाची, या प्रश्नाला बऱ्याचदा एका नावाचे उत्तर नसते. थोरल्याने कापसाच्या पैशातून काही रक्कम घातली, धाकट्याने पुण्याहून पगारातले पाठवले, उरलेले फायनान्सचे. दोन मित्रांनी निम्म्या भागीत जीप घेतली आणि मानवत-पाथरी फेऱ्या सुरू केल्या. कारखान्याला ऊस वाहण्यासाठी चुलतभावांनी मिळून ट्रॅक्टर घेतला. हेड एकाचे, ट्रॉल्या दुसऱ्याच्या. बचत गटाला समाजकल्याणचा मिनी ट्रॅक्टर मिळाला. पैसा दोघा-तिघांचा, वापरणारे पाच-सात, आणि परभणीच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयातून आलेल्या एमएच-२२ च्या आरसीवर नाव मात्र एकाचेच.

गोडीगुलाबी आहे तोवर त्या एका नावाकडे कुणी पाहत नाही. ‘नावात काय, घरातच तर आहे,’ असे म्हणून विषय मिटतो. मग अपघात होतो, किंवा नाव असलेला माणूस जातो, किंवा चुली वेगळ्या होतात, आणि त्या नावाचे वजन एकदम कळते. सामाईक गाडीबद्दल कायदा काय म्हणतो, विमा काय म्हणतो, कोर्टांनी काय ठरवले आहे आणि आपल्याकडच्या भागीदारांनी त्यातून वाट कशी काढावी, याचा हा आढावा. माझे म्हणणे आधीच सांगतो. गाडी भागीत घेण्यात काही चूक नाही. आपल्या भागात ते शहाणपणाचेच आहे, कारण वर्षातले अनेक महिने उभ्या राहणाऱ्या यंत्रात एकाच घराने सगळा पैसा अडकवणे परवडत नाही. पण मालकी सामाईक आणि कागद एकाचा, ही रचना सगळ्यांनाच धोक्यात घालते. ज्याचे नाव आहे त्यालाही, ज्याचे नाही त्यालाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ सामाईक मालकी नाकारत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसते. कलम ४१ मध्ये त्यासाठी खास तरतूद आहे. एकापेक्षा जास्त जणांची गाडी असेल तर सर्वांच्या वतीने त्यांच्यापैकी एकाने नोंदणीचा अर्ज करायचा, आणि तो अर्जदारच या कायद्यापुरता मालक समजला जाईल. ‘या कायद्यापुरता’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. दंड, कर, परवाना, अपघाताची भरपाई यांसाठी सरकारला एक माणूस हवा, म्हणून तो एक. गाडीतला दुसऱ्याचा पैसा त्यामुळे बुडत नाही. दिवाणी कायद्याने त्याचा वाटा शाबूत राहतो. अडचण इतकीच की तो वाटा सिद्ध करायची वेळ आली तर आरसी त्याच्या बाजूने एक अक्षरही बोलत नाही.

शेतीच्या बाबतीत आपण असे कधी चालवून घेतले नसते. सातबाऱ्यावर सामाईक खातेदारांची नावे एकाखाली एक येतात. आई, भाऊ, बहिणी, कुणाचे नाव राहिले तर तलाठ्याकडे फेरफारासाठी हेलपाटे सुरू होतात. बँकेत दोघांचे खाते निघते. घराच्या खरेदीखतावर नवरा-बायको दोघांची नावे लागतात. ट्रॅक्टरची किंमत कित्येकदा एखाद्या एकराच्या आसपास जाते, तरी त्याचा कागद एकाच्याच नावाचा. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये नोंदणीच्या अर्जात, म्हणजे नमुना २० मध्ये, मालकीचा प्रकार स्पष्ट लिहिण्याची सोय केली. व्यक्ती, फर्म, धर्मादाय संस्था, शैक्षणिक संस्था, दिव्यांग अशा प्रकारांत ‘एकापेक्षा अधिक मालक’ हाही एक प्रकार आला. ही चांगली सुरुवात होती. पण कलम ४१ होते तसेच आहे. कायद्यासमोर उभा राहणारा माणूस अजून एकच.

आता त्या एका माणसाच्या डोक्यावर काय असते ते पाहू. ई-चलन त्याच्या मोबाइलवर येते, गाडी पुतण्या चालवत असला तरी. गाडी कोण चालवत होते हे पोलिसांनी विचारले तर सांगण्याची जबाबदारी त्याची. परवाना नसलेल्याच्या हाती गाडी दिली तर ५ हजारांपर्यंत दंड. आणि चालवणारा अठरा वर्षांच्या आतला असेल तर २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९-अ लागते. पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो, तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आपल्याला न कळता, आपण पुरेशी काळजी घेऊनही हे घडले, असे मालकाने सिद्ध केले तर सुटका आहे. पण किल्ली ओसरीतल्या खुंटीला टांगलेली असताना ते सिद्ध करणे किती अवघड जाईल, याचा विचार प्रत्येक घराने करावा. ऊस हंगामात चौदा-पंधरा वर्षांची पोरे ट्रॅक्टरवर बसलेली आपण सगळेच पाहतो. भावाच्या मुलाने ट्रॅक्टर नेला आणि गुन्हा मात्र आरसीवर नाव असलेल्या चुलत्यावरही, ही शक्यता घरात स्पष्ट बोलली गेली पाहिजे.

सगळ्यात मोठा बोजा अपघाताच्या भरपाईचा. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात कलम २(३०) मधली मालकाची व्याख्या स्पष्ट केली. त्या प्रकरणातली गाडी २००७ मध्ये विकली गेली होती. पुढे ती आणखी काही हातांतून गेली आणि २००९ मध्ये अपघात झाला. तरीही नोंदणी ज्याच्या नावावर राहिली होती त्यालाच न्यायालयाने मालक धरले. अपघातग्रस्ताने गाडी कुणाकडून कुणाकडे गेली याचा माग काढत फिरावे, हे कायद्याला अपेक्षित नाही, असा त्यामागचा विचार आहे आणि तो योग्यच आहे. पण आपल्याकडे नुसत्या सौदा पावतीवर विकल्या जाणाऱ्या आणि नाव हस्तांतराचे टीटी फॉर्म कोरे सही करून दिल्या जाणाऱ्या गाड्यांना हा निकाल जसाच्या तसा लागतो. वाटणीत गाडी धाकट्याला गेली आणि नाव थोरल्याचेच राहिले, तर पाच वर्षांनंतरच्या अपघातातही थोरला अडकतो. विमा चालू असेल तर विमा कंपनी भरते. विमा संपलेला असेल तर थोरल्याच्या शेतावर येते. विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवणे आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव लावून घेणे हे कलम ५० चे बंधन आहे. भावाभावांतल्या वाटणीतही ते तितक्याच काटेकोरपणे पाळावे. हलक्या खाजगी गाडीला नाव बदलण्याचे मूळ शुल्क ३०० रुपये आहे, इतर खर्च वेगळा. एवढ्यासाठी कुणी परभणीची खेप टाळू नये.

ज्याचे नाव नाही त्याची बाजू याहून कच्ची आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी लिहिले जाते.

कर्जापासून सुरुवात करू. फायनान्स कंपनी सहकर्जदार म्हणून दुसऱ्या भावाची सही घेते, नाहीतर जामीनदार म्हणून घेते. जामीनदाराची जबाबदारी करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे मूळ कर्जदाराइतकीच. हप्ते थकले तर वसुली दोघांकडून. आरसीवर मात्र नाव पहिल्याचे आणि बोजा कंपनीचा. म्हणजे दुसऱ्या भावाचे देणे पक्के, मालकी तोंडी. कर्ज फिटले, बोजा उतरला, तरी त्याचे नाव कुठेच येत नाही.

दुसरी गोष्ट विक्रीची. १९३० च्या मालविक्री कायद्यात कलम २८ आहे. सामाईक मालकांच्या संमतीने वस्तू एकाच्याच ताब्यात असेल आणि त्याने ती प्रामाणिक खरेदीदाराला विकली, तर खरेदीदाराची मालकी पक्की होते. अट एवढीच की विकणाऱ्याला तसा अधिकार नाही हे खरेदीदाराला माहीत नसावे. आता आरसीवर एकच नाव असताना ते खरेदीदाराला कळणार कसे? थोरल्याने बीडच्या किंवा जालन्याच्या माणसाला जीप विकली, तर धाकट्याला जीप परत मिळणे जवळजवळ अशक्य. त्याने भावाकडून पैशाचा वाटा मागावा, त्यासाठी दावा लावावा, पुरावे आणावेत. पैसे रोख दिले असतील तर पुरावा तरी कोणता? याच कायद्याचे कलम ४ एका सहमालकाने आपला हिस्सा दुसऱ्या सहमालकाला विकण्याचा करार मान्य करते. भागी मोडताना तो रस्ता सरळ आहे, आणि तो कागदावर व्हायला हवा.

तिसरी गोष्ट विम्याची, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण इथे घरे उद्ध्वस्त होतात. गाडीच्या विम्यासोबत मालक-चालकासाठी १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. २०१८ पासून ही रक्कम १५ लाख आहे. हे कवच नोंदणीकृत मालकाचे आहे, तेही त्याच्याकडे वैध परवाना असेल तर. सहमालक भाऊ गाडी चालवताना गेला, तर त्याने निम्मे पैसे घातले होते म्हणून हे १५ लाख त्याच्या बायकोमुलांना मिळत नाहीत. मग तिसरी व्यक्ती म्हणून त्याच गाडीच्या विम्यातून भरपाई मागता येईल का? सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये निंगम्मा प्रकरणात आणि पुन्हा जानेवारी २०२० मध्ये रामखिलाडी प्रकरणात सांगितले की, दुसऱ्याची गाडी मागून घेऊन चालवणारा मालकाच्या जागी उभा राहतो. म्हणून तो मालकाच्याच विम्यावर तिसरी व्यक्ती म्हणून दावा करू शकत नाही. रामखिलाडी प्रकरणात मृताच्या कुटुंबाला पॉलिसीतल्या करारापुरते एक लाख रुपये मिळाले. समोरच्या गाडीची चूक असेल तर तिच्या मालकावर आणि विमा कंपनीवर दावा करण्याचा हक्क अर्थातच राहतो. पण पुलावरून गाडी कोसळली, झाडावर आदळली, रात्री ट्रॉलीसकट उलटली, तर समोर कुणीच नसते.

आरसीवर नाव नसलेल्या प्रत्येक भागीदाराने म्हणून स्वतःचा वेगळा अपघात विमा काढलाच पाहिजे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचे संरक्षण बँक खात्यातून मिळते. शेतकरी कुटुंबांसाठी राज्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. तीत अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात, पण मृत स्वतः वाहन चालवत असेल तर त्याचा परवाना मागितला जातो. तेव्हा परवाना हा कागद फक्त पोलिसांसाठी नाही. चालवणाऱ्या प्रत्येकाकडे तो असलाच पाहिजे.

गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचाही प्रश्न आहे. सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा कंप्लीट इन्सुलेशन्सचा निकाल सांगतो की, गाडी हस्तांतरित झाली की तिसऱ्या व्यक्तीसाठीचा विमा आपोआप पुढे जातो, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा मात्र जात नाही. त्यासाठी विमा कंपनीशी नवा करार लागतो. आरसी एकाच्या नावावर, पॉलिसी दुसऱ्याच्या नावावर असा घोळ वाटणीनंतर हमखास होतो, आणि तो दावा नाकारला जातानाच उघडकीस येतो.

मृत्यूनंतरची कहाणी वेगळीच गुंतते. केंद्रीय नियम ५६ प्रमाणे वारसाने ३० दिवसांत मृत्यूची खबर दिली तर त्याला तीन महिने गाडी वापरता येते, आणि त्याच तीन महिन्यांत नमुना ३१ भरून नाव लावून घ्यायचे असते. प्रश्न असा की वारस कोण? हिंदू वारसा कायद्यात पहिल्या वर्गात मुलगे, मुली, विधवा आणि आई येतात. भाऊ त्यांच्यानंतरच्या वर्गात. म्हणजे निम्मा पैसा घातलेला धाकटा भाऊ त्या नमुन्यात कुठेच बसत नाही. पाथरीत मुस्लिम कुटुंबेही मोठ्या संख्येने आहेत. तिथे वाटे शरियतप्रमाणे होतात. मुले असतील तर विधवेला आठवा हिस्सा, मुलीला मुलाच्या निम्मे, आणि मुलगा किंवा वडील नसतील तर भावाचाही हक्क उभा राहू शकतो. दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच. भावाचा भागीदार म्हणून असलेला हक्क आणि वारस म्हणून असलेला हक्क या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिला हक्क फक्त कागदच सांगू शकतो. कागद नसेल तर विधवा भावजय आणि दीर एकमेकांसमोर उभे राहतात. दोघेही आपापल्या जागी खरे असतात. तिला वाटते नवऱ्याची शेवटची वस्तूही हे घेऊन चालले. त्याला वाटते माझ्या घामाचा पैसा गेला.

एप्रिल २०२१ पासून आरसीवर नामनिर्देशनाची सोय आहे. मालकाच्या मृत्यूनंतर नामनिर्देशित व्यक्तीने ३० दिवसांत कळवून तीन महिन्यांत आपले नाव लावून घ्यायचे. भागीदारालाच नामनिर्देशित केले की झाले, असे काहींना वाटते. मला हा मार्ग अपुरा वाटतो. नामनिर्देशनाने नोंदणी सोपी होते. घरातल्या हक्कांचा निवाडा होतो असे मी धरून चालणार नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साळगावकर कुटुंबातल्या वादात हे तत्त्व शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत स्पष्ट केले: नामनिर्देशित व्यक्ती वारसांना डावलून मालक होत नाही. तो निकाल वाहनांचा नव्हता, पण त्यातला इशारा लक्षात ठेवण्यासारखा आहे. नामनिर्देशन करा, आणि त्यासोबत भागीचा कागदही करा.

व्यवसायाच्या गाड्यांचे थोडक्यात. काळी-पिवळी जीप दोघांनी चालवली, उत्पन्न वाटून घेतले, तर ती कायद्याने भागीदारी होण्याचीच शक्यता अधिक. १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे फर्म नोंदलेली नसेल तर करारातला हक्क दाव्याने बजावता येत नाही. महाराष्ट्राने १९८४ मध्ये आणखी पुढे जाऊन नोंदणी नसलेल्या फर्मच्या भागीदाराला हिशेबाचा दावाही बंद केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली, म्हणून निदान हिशेब मागण्याचे दार आज उघडे आहे. फर्म नोंदवून तिच्या नावावर गाडी घेणे हा स्वच्छ मार्ग. कंपनी काढण्याच्या फंदात मात्र फक्त घरच्या मोटारीसाठी पडू नये. व्यक्तीच्या नावावर दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीला एकरकमी कर ११ टक्के आहे, कंपनीच्या नावावर २० टक्के. आणि पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने फिरवणे हा विनापरवाना वाहतुकीचा गुन्हा आहे, दंड १० हजार. भागीदार कितीही असोत, गुन्हा नोंदणीकृत मालकाच्या दारी येतो.

गटाच्या मालकीचा सर्वांत चांगला नमुना आपल्याकडे सरकारी योजनेतच आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांना मिनी ट्रॅक्टर आणि त्याची अवजारे ९० टक्के अनुदानावर मिळतात. साडेतीन लाखांच्या मर्यादेत गटाचा वाटा ३५ हजार, सरकारचा ३ लाख १५ हजार. अध्यक्ष, सचिव आणि किमान ८० टक्के सदस्य त्या घटकांतले हवेत, आणि ट्रॅक्टर विकता किंवा गहाण ठेवता येत नाही. या योजनेची ताकद अनुदानात जितकी आहे तितकीच रचनेत आहे. गटाची यादी आहे, गटाचे बँक खाते आहे, ठराव आहे, विक्रीला बंदी आहे. दहा माणसे एक यंत्र वापरतात आणि कुणाचाही हक्क फक्त तोंडी राहत नाही. जिथे ट्रॅक्टर प्रत्यक्षात एकाच सदस्याच्या अंगणात राहतो तिथे दोष योजनेचा नसून वापराची नोंदवही न ठेवणाऱ्या गटाचा आहे. पोकरा या कृषी प्रकल्पात परभणी जिल्ह्यातही शेतकरी गट आणि उत्पादक कंपन्यांना अवजारे बँकेसाठी मदत मिळाली. तोच विचार तिथेही आहे.

बाहेरच्या जगात पाहावे तर गाडी वाटून वापरण्याची कल्पना जुनी आहे. झुरिकमध्ये १९४८ मध्येच अशी सहकारी संस्था निघाली होती, आणि आज स्वित्झर्लंडभर गाड्या पुरवणारी मोबिलिटी ही संस्था १९९७ पासून सहकारी तत्त्वावरच चालते. कॅलिफोर्नियात गाडीच्या मालकीपत्रावर दोन नावे लागतात. त्यांच्यामध्ये ‘आणि’ असेल तर विकताना दोघांच्या सह्या लागतात, ‘किंवा’ असेल तर एकाची पुरते. ब्रिटनमध्ये नोंदणीपत्रावर छापलेलेच असते की, हे नाव गाडी सांभाळणाऱ्याचे आहे, मालकीचा पुरावा नव्हे. म्हणजे सरकारला जबाबदार माणूस एकच हवा, ही गरज सगळीकडे आहे. ती भागवूनही सहमालकांची नावे लिहिता येतात.

आपल्याकडे तशी सोय होईपर्यंत आपल्या हाती बाँड आहे. राज्यात आता पाचशेच्या मुद्रांकावर करार होतो. गाडी घेण्याआधीच त्यावर लिहावे की कलम ४१ प्रमाणे अमुक जण सर्वांच्या वतीने अर्ज करत आहे, कुणाचा हिस्सा किती, आगाऊ रक्कम कुणी किती भरली, हप्ता कोण किती देणार. हंगामात गाडी कुणाकडे, दुरुस्ती आणि विमा कुणाच्या खर्चाने, चलन ज्याच्या हातून झाले त्याने भरायचे की सर्वांनी, चालवणारे कोण आणि त्यांचे परवाना क्रमांक कोणते. भागी मोडताना किंमत कशी ठरवायची, पहिला हक्क कुणाचा, किती दिवसांत नाव बदलायचे, एखादा गेला तर त्याच्या वारसांना काय. त्यावर भागीदारांच्या, दोन साक्षीदारांच्या आणि माझ्या आग्रहाने घरातल्या बायकांच्याही सह्या घ्याव्यात, कारण पुढे कागद शोधायची वेळ त्यांच्यावर येते. पैसे रोख न देता खात्यातून द्यावेत. प्रत्येकाकडे एक प्रत असावी. भावावर अविश्वास म्हणून असा कागद करायचा नसतो. भावाच्या पोरांना तुमच्या पोरांशी भांडावे लागू नये म्हणून तो करायचा असतो.

परिवहन खात्याकडे मागणी एकच आहे. नोंदणीला जबाबदार माणूस एकच ठेवा, पण ‘एकापेक्षा अधिक मालक’ निवडल्यावर सर्व सहमालकांची नावे आणि हिस्से आरसीवर व वाहन पोर्टलवर दाखवा, आणि विक्रीच्या वेळी प्रत्येकाची आधारद्वारे संमती घ्या. बोज्याचे नाव तुम्ही आजही दाखवताच. सहमालकाचे नाव दिसले की खरेदीदाराला मालकी आधीच कळेल, आणि मालविक्री कायद्याच्या कलम २८ मधून निसटणारा धाकट्याचा वाटा वाचेल. ज्या राज्यात सातबाऱ्याने पिढ्यान् पिढ्या दहा-दहा सामाईक खातेदार सांभाळले, तिथे हे अशक्य असण्याचे काही कारण मला दिसत नाही. आणि ज्यांच्या दारात भागीतली गाडी आज उभी आहे त्यांनी खात्याची वाट पाहू नये. या आठवड्यात आरसी, विमा आणि परवाने एकत्र मांडून बसा, नावे जुळतात का पाहा, आणि जुळत नसतील तर बाँड आणायला जा.